सिग्नल, मामा आणि एक्स गुणसूत्र

ठाण्याला आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी पोचली, कल्याणला 1 मे 1854 रोजी. तेव्हापासून या पट्ट्यात रेल्वे म्हणजे नुसती जाण्यायेण्याची सोय नाही. ती नोकरी आहे, क्वार्टर आहे, पास आहे, आणि घरातलं पोर शिकून तयार झालं की पहिला फॉर्म कुठला भरायचा याचं उत्तरही आहे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मोटरमन राहतात. त्यांची भाची ठाण्यात असते, तिथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिच्या मुलाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पूर्ण केला आणि असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरायचं ठरवलं. आधी एकदा डोळे दाखवून घे, असं मामांनीच सुचवलं. ठिपक्यांच्या पुस्तकातला पहिला 12 मुलाने वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो. पुढच्या बहुतेक पानांवर त्याला नुसते ठिपके दिसले.

मुलगा फारसं काही बोलला नाही. बोलली ती ही दोघं, आणि चांगली मोठ्याने. शेजारी म्हणून मी आयता श्रोता होतो. दोघांपैकी कुणालाही वाद जिंकायचा नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही.

मामा: हे बघ, मोटरमनचं आता डोक्यातून काढ. ए-वन मेडिकल आहे ते. मोटरमन, लोको पायलट, असिस्टंट, सगळे त्यात. रंगाला तिथे सूट नाही आणि नसावीच.

भाची: निकाल आधी आणि सुनावणी मागाहून. मामा, तू रेल्वेत होतास की कोर्टात?

मामा: सुनावणी कसली घेतेस? पारसिकच्या बोगद्यातून रात्री बाहेर पडलो की समोर दिव्यांची रांगच्या रांग. आपल्या लाइनचा सिग्नल कुठला ते आधी ओळखायचं, मग त्याचा रंग. लाल म्हणजे उभं राहायचं. एक पिवळा म्हणजे पुढचा लाल असणार असं धरून चालायचं. दोन पिवळे म्हणजे पुढे एक पिवळा असेल. काचेवर जुलैचा पाऊस, बाजूला इमारतींचे दिवे, दुकानांच्या पाट्या, आणि मागे डबे खच्चून भरलेले. त्यात एका ठिपक्याचा रंग बघताक्षणी सांगता आला पाहिजे. "बहुधा हिरवा असावा" म्हणणारा माणूस तिथे नको.

भाची: केबिनबद्दल माझा वाद नाहीच. वाद आहे तो तू मारलेल्या शिक्क्याशी. तुझ्या हिशेबात जगात दोनच जाती, रंग दिसणारे आणि न दिसणारे.

मामा: डॉक्टरांनी तसंच लिहिलंय.

भाची: ते लिहिलंय इशिहाराच्या पुस्तकावरून. शिनोबू इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 साली काढलेलं. दोष आहे की नाही हे ते पुस्तक चांगलं सांगतं. किती आहे ते सांगत नाही.

मामा: दोष आहे म्हटल्यावर किती कशाला विचारायचं?

भाची: ते कळायला दोन जनुकांची गोष्ट ऐकावी लागेल. डोळ्यातल्या पडद्यावर शंकूसारख्या पेशी असतात, तीन प्रकारच्या. प्रत्येकीत ऑप्सिन नावाचं प्रथिन, आणि त्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून झालेला एक छोटा रेणू. प्रकाश पडला की हा वाकडा रेणू सरळ होतो आणि तिथून मेंदूकडे निरोप निघतो. हा रेणू तिन्ही प्रकारांत एकच आहे. कुठल्या प्रकाशाला तो जास्त दाद देणार, हे भोवतालचं प्रथिन ठरवतं. निळ्या बाजूच्या प्रथिनाचा कल 420 नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या बाजूच्याचा 530, तांबड्या बाजूच्याचा 560.

मामा: 530 आणि 560? एवढी जवळजवळ?

भाची: सगळी मेख तिथेच आहे. निळ्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर, दूर. पण तांबड्याचं, म्हणजे ओपीएन1एलडब्ल्यू, आणि हिरव्याचं ओपीएन1एमडब्ल्यू, ही दोन्ही एक्स गुणसूत्राच्या टोकाशी एकामागे एक लागलेली आहेत. दोघांची प्रथिनं 364 अमिनो आम्लांची, आणि त्यांत फरक जेमतेम पंधरा जागी. त्यातही रंगाचा कौल मुख्यतः फिरवतात त्या तीन जागा: 180, 277 आणि 285. मुळात जनुक एकच होतं. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका आणि आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या सामाईक पूर्वजात त्याची नक्कल झाली आणि ती थोडी बदलली. म्हणून आपल्याला हिरव्या पानांत लाल फळ दिसतं.

मामा: एकसारखी दोन, आणि शेजारी शेजारी. म्हणजे घोटाळा होणारच.

भाची: होतोच. अंडपेशी तयार होताना बाईची दोन एक्स गुणसूत्रं समोरासमोर येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. ही जनुकं इतकी सारखी की एकाचं तांबडं दुसऱ्याच्या हिरव्यासमोर लागतं. मग एका गुणसूत्राला जनुक जास्तीचं मिळतं, दुसऱ्याचं कमी होतं. नाहीतर अर्धं तांबडं, अर्धं हिरवं असं मिश्र जनुक तयार होतं.

मामा: कल्याण यार्डात शंटिंगला डबा भलत्याच रेकला लागावा, तसं. एक गाडी तेरा डब्यांची, दुसरी अकराची.

भाची: अगदी तसं. आणि एखादा डबा निम्मा फर्स्ट क्लास, निम्मा सेकंड.

मामा: तो तर लोकलमध्ये असतोच.

भाची: मग आता सांग. ज्याचं हिरव्याचं जनुक पूर्ण गेलं आणि ज्याचं नुसतं मिश्र झालं, ते दोघे सारखे कसे? पहिल्याकडे तांबडं-हिरवं वेगळं करायला दुसरं प्रथिनच नाही. दुसऱ्याकडे दोन आहेत, फक्त त्यांच्यातलं अंतर तीस नॅनोमीटरवरून घसरून बरंच कमी झालंय. काहींचं इतकं थोडं बिघडलेलं असतं की पुस्तक पुढ्यात येईपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. किती बिघडलंय ते मोजायला अ‍ॅनोमलोस्कोप नावाचं यंत्र आहे, नागेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1907 साली केलेलं. शंभर वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पुस्तकावर निकाल लागतो. आणि तू स्वतःला अचूक समजतोस ना? रंगदृष्टी उत्तम असलेल्या पुरुषांतही 180व्या जागी काहींना सेरीन असतं, काहींना अ‍ॅलॅनिन, आणि तेवढ्याने तांबड्याचा कल चार-पाच नॅनोमीटर सरकतो. तुझा लाल आणि तुझ्या गार्डचा लाल थोडा वेगळा असू शकतो. दोघेही पास.

इथे मला मध्ये तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. ही जनुकं 1986 साली हाती आली. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड हॉग्नेस यांच्या प्रयोगशाळेत जेरेमी नेथन्स यांनी ती शोधली आणि त्यासाठी डीएनए वापरला तो स्वतःचाच. पण मला जास्त आवडते ती जॉन डाल्टनची गोष्ट. अणुसिद्धान्तवाले डाल्टन ते हेच. आपल्याला रंग इतरांसारखे दिसत नाहीत, हे त्यांनी 1794 साली मँचेस्टरच्या सभेत वाचून दाखवलं. आपल्या डोळ्यातल्या द्रवात निळी झाक असावी, असा त्यांचा कयास होता. मेल्यावर डोळे उघडून बघा, असं त्यांनी सांगून ठेवलं. 1844 साली बघितलं. द्रव स्वच्छ निघाला, आणि डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले. त्यांतून 1995 साली डीएनए काढला तेव्हा हिरव्याचं जनुक नाही, हे सिद्ध झालं. निदान बिनचूक होतं. रुग्ण जाऊन दीडशे वर्षं झाली होती.

मामांना डाल्टनमध्ये रस नव्हता. त्यांना हवी होती वंशावळ.

मामा: ते सगळं असो. पण हे आलं कुठून? आपल्याकडे कुणाला नव्हतं. मी पीएमई, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मेडिकल, देत आलो, पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, पंचावन्ननंतर दरसाल. एकदाही शेरा नाही.

भाची: माझ्या सासरीही हेच म्हणाले, आमच्याकडे कुणाला नाही. सगळ्यांनी हात वर केले आणि मधे मी एकटी उरले.

मामा: मी तसं म्हटलं नाही गं.

भाची: म्हणालास तरी शास्त्र तुझ्या बाजूने आहे. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. त्याच्या बापाची नजर गरुडाची असो की नसो, इथे त्याचा संबंधच नाही. माझ्या दोन एक्सपैकी एकावर हा घोळ आहे, दुसरा ठीक आहे, म्हणून मला सगळं दिसतं. मुलाच्या वाट्याला नेमका घोळवाला गेला. निम्मी शक्यता होती. आता माझ्याकडे कुठून आला ते बघ. बाबांकडून आला असता तर बाबांनाही हाच त्रास असता, कारण पुरुषाकडे दुसरा एक्स नसतो झाकायला. आणि बाबा एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यात शेड जुळवायचे.

मामा: भाऊजींच्या नजरेचं नावच काढू नकोस. साडी लांबून बघून सांगायचे, पदर दुसऱ्या लॉटमधला आहे म्हणून.

भाची: मग राहिली आई.

मामा: ताई? तिला तर सगळं व्यवस्थित दिसायचं.

भाची: मलाही दिसतं की. मामा, आजोबांचं आठव जरा. शहापूरचं शेत.

मामा जरा थांबले. मग म्हणाले ते असं:

मामा: मिरचीच्या तोडणीला दादा कधी यायचे नाहीत. हिरव्या झाडावर पिकलेली मिरची शोधायचं काम आईचं. ते म्हणायचे, माझ्याच्याने नाही होत, डोळे चुरचुरतात. आंबा पिकला की नाही ते चाचपून, देठाचा वास घेऊन सांगायचे. आम्हाला वाटायचं, काय कसबी माणूस आहे.

भाची: कसबी होतेच. रंगाने सांगितलं नाही ते नाकाने शिकून घेतलं.

मामा: पण मग माझ्यात का नाही उतरलं?

भाची: मुलाला बापाचा वाय मिळतो. आजोबांचं आडनाव तुला मिळालं, त्यांचा एक्स आईला. तो तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. आई, मग मी, मग माझा मुलगा. मधल्या दोन पिढ्यांत बायकाच होत्या, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही.

ही चाल नवी नाही. योहान फ्रीडरिश हॉर्नर नावाच्या झुरिकच्या नेत्रतज्ज्ञांनी 1876 साली, गुणसूत्रांचा आनुवंशिकतेशी संबंध कुणाला ठाऊक नसताना, घराण्यांच्या नोंदी पाहून ती मांडली: आजोबांचा दोष मुलीमार्फत नातवाकडे जातो. एरवी आपल्याकडे मामा-भाच्याने एका नावेत बसू नये म्हणतात. हे जनुक पुष्कळ घरांत नेमकं त्या दोघांनाच एका नावेत बसवतं. इथे मामा काठावर राहिले, एवढंच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशा नजरेचे सुमारे 8 टक्के असतात आणि स्त्रियांत अर्धा टक्का, कारण स्त्रीला दोष दिसायला दोन्ही एक्स तसेच लागतात. भारतात झालेल्या पाहण्यांत पुरुषांचं प्रमाण याहून कमी आढळतं. कमी म्हणजे नगण्य नव्हे. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेत असा एखादा मुलगा सापडायला हरकत नाही. आणि "तुमच्याकडचं" म्हणून सुनेला ऐकवणाऱ्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं: वाहक स्त्रीला स्वतःला यातलं काही जाणवत नाही, आणि कुठला एक्स पुढे जाणार हे तिच्या हातात नसतं.

मामा वडिलांच्या आठवणीतून बाहेर आले ते थेट सिग्नलवर.

मामा: कारण कळलं म्हणून दिव्याचा रंग बदलत नाही. आणि ही तपासणी काही कुणी हौसेने आणलेली नाही.

भाची: कशी आणली ते सांगू? स्वीडनमध्ये 1875च्या नोव्हेंबरात लागरलुंडाला दोन गाड्या रात्री समोरासमोर आदळल्या, नऊ माणसं गेली. उप्सालाचे प्राध्यापक होल्मग्रेन यांनी तर्क केला की इंजिनावरच्या कुणाला तरी रंगदोष असावा. मग त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी घेऊन रेल्वे कामगार तपासायला सुरुवात केली, आणि ती पद्धत जगभर गेली. केंब्रिजच्या जॉन मॉलन यांनी सहकाऱ्यासोबत 2012 साली जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली. त्यांना त्या तर्कासाठी भक्कम पुरावा मिळाला नाही.

मामा: तर्क चुकला असेल, तपासणी चुकली नाही. अपघातांचे अहवाल मीही वाचतो. 1996 साली न्यू जर्सीत सिकॉकसजवळ दोन प्रवासी गाड्यांची टक्कर झाली, तीन माणसं गेली. चालकाला लाल सिग्नल ओळखता आला नाही, हे तिथल्या चौकशीनेच सांगितलं. ते काय तर्क होतं?

भाची: तो अहवाल पुरता सांग ना. त्या चालकाचा दोष जन्माचा नव्हता. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला होता आणि त्याने आजार लपवला होता. जनुकातला दोष जन्मापासून जसा असतो तसाच राहतो. नंतर येणारा दोष मात्र वाढत जातो आणि माणसाच्या लक्षातही येत नाही. मधुमेह, काचबिंदू, क्षयाच्या औषधांतलं एथॅम्ब्युटॉल, यातल्या कशानेही होतो. तुझ्या नियमाने माझा मुलगा बाहेर राहिला. पन्नाशीतला, साखर वाढलेला, पूर्वी पास झालेला माणूस मात्र आत आहे.

मामा: म्हणूनच तर पीएमई! वय वाढलं की तपासण्या जास्त, कमी नाही. आमच्यातले कितीतरी जण डीकॅटेगराइज झाले. गाडीवरून उतरवलं, ऑफिसात काम दिलं, पगार चालू. त्या चालकाने लपवलं. आमच्याकडे लपवायला जागा ठेवलेली नाही. आणि पोरं तुझ्या त्या पुस्तकाचे आकडे पाठ करून येतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पुस्तकावर थांबत नाहीत. अंधाऱ्या खोलीत कंदिलाची परीक्षा असते, एड्रिज-ग्रीन लँटर्न. दिव्याचा बारीक ठिपका दाखवतात आणि रंग विचारतात. जे काम करायचं त्याचीच परीक्षा.

या ठिकाणी मामांचं पारडं मला जड वाटलं, आणि भाचीलाही वाटलं असावं. ती यंत्राकडे वळली.

भाची: तुमच्या लोकलला एडब्ल्यूएस आहे. लाल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. पुढे कवच नावाची यंत्रणा येतेय. सिग्नल केबिनमधल्या पडद्यावर आकड्यांत दिसायला लागला की रंगाचं महत्त्व किती उरेल?

मामा: यंत्र चालू असतं तोवर मोटरमनची परीक्षाच नसते. परीक्षा सिग्नल फेल झाल्यावर. मग रुळात उभा राहून माणूस झेंडी दाखवतो, रात्री हातबत्ती. लाल की हिरवी? तिथे पडदा नाही, आकडा नाही. ज्या दिवशी रेल्वे हातबत्ती मोडीत काढेल त्या दिवशी तुझ्या मुलाचा अर्ज मी स्वतः घेऊन जाईन.

भाची: ठीक. केबिन सोडली. पण केबिनचा नियम उचलून जिथे तिथे चिकटवला, त्याचं काय? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 2015 साली एका उमेदवाराची फिल्म एडिटिंगसाठी निवड होत होती. वैद्यकीय तपासणीत रंगदोष निघाला, प्रवेश नाकारला. उच्च न्यायालयात हरला. सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2022 रोजी निकाल दिला, तोपर्यंत सात वर्षं गेली. तोड साधी होती. संकलन म्हणजे रंग जुळवणं नव्हे. कलर ग्रेडिंगचा भाग सोडून द्यायची मुभा देता येते. एवढं कळायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

मामा: सिनेमाने माणसं मरत नाहीत. तिथे सोडा.

भाची: मग वैद्यकीय शिक्षण? तिथेही 2017 साली न्यायालयालाच दार उघडावं लागलं. गाडीचं लायसन्स? केंद्राने जून 2020मध्ये नियम बदलला तेव्हा कुठे सौम्य आणि मध्यम दोषवाल्यांना ते मिळायला लागलं. त्याआधी कागदोपत्री बंदी. रस्त्यावरच्या सिग्नलला लाल कायम वर असतो, जागेवरून कळतो.

मामा: घोडबंदर रोडवर कंटेनरच्या मागून कुठला दिवा वर आणि कुठला खाली ते दिसतं का? ब्रेकलाइट बघून चालवतात सगळे. पण असू दे, कारला हरकत नाही माझी. इलेक्ट्रिकलचं मात्र सांग. त्याचा डिप्लोमाच तो. तीन फेज म्हणजे लाल, पिवळी, निळी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. फेजची लाल आणि अर्थिंगची हिरवी यांतच गल्लत झाली तर?

भाची: कुठला शहाणा वायरमन नुसता रंग बघून वायरला हात लावतो? आधी टेस्टर, मग मीटर. मागच्या माणसाने कुठली वायर कुठे जोडली असेल त्याचा भरवसा असतो का? तमिळनाडूच्या वीज कंपनीत रंगदोषामुळे एका असिस्टंट इंजिनिअरची नोकरी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याला जमेल असं काम द्या, म्हणाले. माणूस तसा, काम तसं, हे बघायला इतका वेळ का लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

मामांनी यावर मान हलवली. होकारार्थी की "तुझ्याशी कोण बोलणार" अशी, ते नीटसं कळलं नाही. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो अशा प्रत्येक घरात कधी ना कधी येतो.

मामा: याला औषध नाहीच का काही? मोबाइलवर ते चष्मे दाखवतात. घातला की माणसं रडायला लागतात.

भाची: रडू दे. चष्मा म्हणजे प्रकाशातला ठरावीक पट्टा अडवणारी काच. मिश्र जनुक असलेल्या काहींना तिने रंगांतला फरक ठळक दिसतो. नसलेलं प्रथिन काही ती बनवून देत नाही. वैद्यकीय तपासणीत तो घालून बसू देत नाहीत, आणि बरोबर करतात. जनुकाचा उपचार झालाय, पण माकडांवर. 2009 साली अमेरिकेत जय आणि मॉरीन नीट्झ यांच्या गटाने जन्मतः तांबडं-हिरवं न ओळखणाऱ्या प्रौढ स्क्विरल माकडांच्या डोळ्यांत माणसाचं तांबड्याचं जनुक सोडलं. काही महिन्यांनी माकडं ते रंग ओळखायला लागली. एकाचं नाव सॅम, दुसऱ्याचं, ओळख बघू?

मामा: डाल्टन.

भाची: ऐकत होतास तर! पण माणसासाठी असा मान्यताप्राप्त उपचार अजून नाही. कुणी हजारो रुपये घेऊन व्यायामाने, थेंबांनी बरं करतो म्हणाला, तर तो लुबाडतोय.

मामा: मग त्याला सांग, रेल्वेत सी-वन, सी-टू मेडिकलच्या पुष्कळ जागांना रंगाची अट नसते. गाडी चालवणं म्हणजेच रेल्वे नव्हे.

भाची: हे तूच सांग त्याला. माझ्याकडून ऐकणार नाही.

आता माझं मत. केबिनच्या बाबतीत मामा बरोबर आहेत, आणि माझ्या मते ते बराच काळ बरोबर राहतील. आपण रोज ज्या गाडीत लटकतो तिच्या पुढच्या काचेमागे "बहुधा" नको. केबिनबाहेर भाची बरोबर आहे. दोन जनुकांच्या अदलाबदलीतून इतक्या तऱ्हा निघतात, त्या सगळ्यांना एकच शिक्का मारून एडिटिंगपासून वीज कंपनीपर्यंत सगळी दारं लावून घेणं हा नुसता आळस आहे.

पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. मुलाला हे कळलं डिप्लोमा हातात आल्यावर. खुणा आधीच होत्या. 2020च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता आणि त्याचे फोटो सगळीकडे झळकले होते. तेव्हा शाळेत असलेला हा मुलगा फोटो बघून म्हणाला होता, "रस्ताच तर आहे, यात काय बघायचं?" घरातले हसले. फिका गुलाबी आणि राखाडी यांत अशा नजरेची गल्लत होते, हे कुणाच्या मनातही आलं नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या आईच्याही नाही. आपण शाळेतल्या मुलांचा चष्म्याचा नंबर काढतो, दात तपासतो, उंची-वजन लिहितो. रंग मात्र तेव्हा तपासतो जेव्हा नोकरी देणारा विचारतो. तोपर्यंत मुलाने शाखा निवडलेली असते, फी भरलेली असते आणि स्वप्न पक्कं केलेलं असतं.

तेव्हा घरात सातवी-आठवीचं मूल असेल, आणि विशेषतः आईच्या माहेरी कुणाची रंगांची गल्लत होत असल्याचं आठवत असेल, तर दहावीच्या आधी त्याला एकदा नेत्रतज्ज्ञाकडे न्या. इशिहाराचं छापील पुस्तक दिवसाच्या उजेडात वाचून घ्या. मोबाइलवरच्या चाचणीवर विसंबू नका, पडद्यागणिक रंग बदलतात. दोष निघाला तर किती आहे तेही विचारा. मुलगी असली तरी न्या. पुस्तक वाचायला पाच-दहा मिनिटं पुरतात.